एकाच मांडवावर दोन हंगाम: परसबागेसाठी सरळ वाणाचे टोमॅटो आणि वेलभाज्या

परसबागेसाठी टोमॅटोचे जुने वाण आणि वेलभाज्या निवडताना पाकिटावरचे चित्र पाहण्याआधी दिनदर्शिका पाहावी. महाराष्ट्राच्या पठारी भागात टोमॅटोचे चांगले दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तर दोडका, कारली, पडवळ, काकडी यांचे दिवस पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत असतात. हे दोन हंगाम एकमेकांना लागूनच येतात, त्यामुळे वेलांसाठी उभारलेला मांडव किंवा ताटी वेल संपल्यावर उंच वाढणाऱ्या टोमॅटोच्या आधाराला तशीच कामी येते. वाण निवडताना हा हिशेब मनात ठेवला, तर चार-पाच चौरस मीटरच्या वाफ्यातूनही जूनपासून फेब्रुवारीपर्यंत काही ना काही हाती लागते. तो ठेवला नाही, तर भर पावसात टोमॅटोवर करपा येतो आणि कडक उन्हात त्याची फुले गळतात.

बियाणे घेताना ते सरळ वाणाचे आहे की संकरित, हे पाकिटावर वाचावे. ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ असे छापलेले असेल, तर त्या फळातले बी धरून पुढच्या वर्षी लावल्यावर रोपे एकसारखी येत नाहीत. सरळ वाणाचे बी मात्र आईबापासारखीच झाडे देते. जगभर ज्यांना वारशाचे वाण म्हणतात ते याच गटातले. अशा वाणाने निदान पन्नास वर्षे तरी बागांतून काढलेली असावीत, असा साधारण संकेत आहे. विक्रेते हा संकेत सैलपणे वापरतात. हिरव्या पट्ट्यांचा ‘ग्रीन झेब्रा’ टोमॅटो वारशाच्या यादीत हमखास दिसतो, पण तो १९८३ साली अमेरिकेत बाजारात आलेला वाण आहे. घरगुती बागेच्या दृष्टीने वयाचा वाद फारसा महत्त्वाचा नाही. बी धरता येते की नाही आणि ते झाड आपल्या हवेत टिकते की नाही, एवढेच पाहावे.

टोमॅटोची निवड

टोमॅटोच्या फुलात फळ धरण्यासाठी रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असावे लागते. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला किंवा रात्र सतत उकाड्याची राहिली, तर पराग निकामी होतात आणि फूल देठासकट गळून पडते. फळाचा लाल रंगही उष्णतेत नीट भरत नाही; तिसाच्या वर पारा टिकू लागला की फळे पिवळसर नारिंगी पिकतात. खत किंवा औषध देऊन यात फारसा फरक पडत नाही. म्हणून कोणताही वाण निवडताना त्याला रोप लावल्यापासून पहिले फळ पिकायला किती दिवस लागतात, हा आकडा सर्वांत आधी विचारावा.

परदेशी जुन्या वाणांपैकी ‘ब्रँडीवाइन’, ‘चेरोकी पर्पल’ आणि ‘ब्लॅक क्रिम’ यांची नावे हौशी बागाईतदारांच्या तोंडी असतात. त्यांची फळे मोठी, मांसल आणि चवीला खरोखर वेगळी असतात, परंतु रोप लावल्यापासून त्यांना अडीच ते तीन महिने लागतात आणि मोठ्या फळांचे वाण उष्णतेत फळ धरायला जास्त कुरकुरतात. नाशिक, पुणे, सातारा अशा थंड रात्रींच्या भागात सप्टेंबरअखेर रोपे लावली, तर डिसेंबरअखेर त्यांची फळे मिळू शकतात. मुंबई-ठाण्याच्या गच्चीवर मात्र त्यांचा नाद न केलेला बरा. इटलीतील नेपल्सजवळचा ‘सॅन मार्झानो’ लांबट, गरदार आणि आटवून ठेवायला उत्तम. मात्र पाणी कमी-जास्त झाले, की त्याच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो. मातीत चुना असूनही पाण्याच्या अनियमिततेमुळे तो फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही म्हणून हे होते, आणि लांबट फळांच्या वाणांत ते अधिक दिसते. ज्यांना रोज ठरलेल्या वेळी पाणी देणे जमत नाही, त्यांनी हा वाण टाळावा. ‘यलो पेअर’ हा छोट्या पिवळ्या फळांचा जुना वाण अडचणीच्या हवेतही भरपूर धरतो. चव बेताचीच असते, पण मुलांना तोडून खायला आणि कोशिंबिरीत रंगाला तो चांगला.

असे बियाणे परदेशातून टपालाने परस्पर मागवू नये. वनस्पती विलगीकरणासंबंधी २००३ च्या आदेशानुसार बियाणे देशात आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि टोमॅटोचे काही विषाणू बियाण्यातून येतात हे लक्षात घेतले, तर हा नियम जाचक म्हणता येणार नाही. देशातच सरळ वाणांचे बियाणे तयार करणाऱ्यांकडून ते घ्यावे.

माझ्या मते पहिल्या वर्षी निम्मी रोपे तरी आपल्याकडच्या वाणांची असावीत. आठवडे बाजारात खोबणी पडलेले, चपटे, पातळ सालीचे गावठी टोमॅटो अजून मिळतात. ते दोन दिवसांत मऊ पडतात, म्हणून मोठ्या बाजारात टिकत नाहीत. परसबागेत मात्र या दोषाला काही अर्थ उरत नाही, आणि साराला व चटणीला त्यांची आंबट चव बाजारच्या कडक सालीच्या टोमॅटोला येत नाही. बाजारातला गावठी टोमॅटो आणून बी धरायचे असेल, तर एकाच विक्रेत्याकडून चार-पाच पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत आणि ती त्यांच्याच शेतातली आहेत का, हे विचारून घ्यावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ हा संशोधन केंद्रात तयार झालेला वाण असला, तरी अनेक दशकांपासून लागवडीत असलेला सरळ वाण आहे: लवकर येणारा, मध्यम चपट्या, किंचित खोबणीदार आणि आंबट फळांचा. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का विकास’ पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे सरळ वाणही घरगुती लागवडीला योग्य आहेत. विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्यांची चौकशी करावी.

दुसरी निवड झाडाच्या वाढीची. काही वाण गुडघ्या-मांडीएवढे वाढून थांबतात आणि त्यांची बहुतेक फळे तीन-चार आठवड्यांत एकदम येतात. काहींचा शेंडा थांबतच नाही, ते पाच-सहा फुटांच्या वर जातात आणि थोडी थोडी फळे बरेच दिवस देत राहतात. जुन्या परदेशी वाणांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. वर्षभराची चटणी एकदम करून ठेवायची असेल, तर बुटके झाड सोयीचे. रोजच्या आमटी-कोशिंबिरीसाठी दोन फळे हवी असतील, तर उंच वाढणारे. मांडव आधीच उभा असेल, तर उंच वाढणारे वाण घेण्याला आणखी एक कारण मिळते. चार माणसांच्या घराला चार ते सहा झाडे पुरतात. त्यांत एकच वाण लावण्यापेक्षा दोन गावठी, दोन लवकर येणारी आणि हौसेखातर एखादे मोठ्या फळाचे, अशी वाटणी केलेली चांगली, म्हणजे एका वाणावर रोग आला तरी हंगाम पूर्ण बुडत नाही.

जुन्या वाणांचा कमकुवत भाग म्हणजे त्यांच्यात पर्णगुच्छ रोगाला प्रतिकार नसतो. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि रोपाला लहानपणीच लागण झाली, तर पाने आखडून गोळा होतात आणि झाड पुढे सरकत नाही. अशा झाडावर औषध मारण्यात अर्थ नाही. ते उपटून नष्ट करावे. बी टाकल्यापासून रोपे लावेपर्यंतचे तीन-चार आठवडे ट्रेवर बारीक जाळीचे कापड ताणून ठेवावे. घरातली जुनी मच्छरदाणी पांढऱ्या माशीला अडवत नाही, तिची छिद्रे मोठी असतात.

वेलांची निवड

वेल कसा चढतो, हे निवडीच्या वेळीच पाहावे, कारण आधार त्यावर ठरतो. दोडका, घोसाळी, कारली, दुधी, पडवळ आणि काकडी यांना पानाच्या बगलेतून ताणे फुटतात. हे ताणे सुतळी, तार किंवा जाळी अशी बारीक वस्तूच पकडू शकतात. जाड बांबूवर ते नुसते चाचपडत राहतात. वाल, चवळी, मायाळू आणि गोकर्ण यांना ताणे नसतात; त्यांची खोडच आधाराला वेढे घालत वर जाते, म्हणून त्यांना कळकाची उभी काठी पुरते. टोमॅटो यांपैकी काहीच करत नाही. त्याला दर आठवड्याला सैल गाठीने बांधावे लागते, आणि पान व खोड यांच्या बेचक्यात निघणाऱ्या बगलफुटी बोटभर असतानाच चिमटीने मोडाव्या लागतात. म्हणून दोन्ही हंगामांना चालणारी ताटी करायची, तर साडेसहा-सात फूट उंचीचे दोन-तीन खांब, वर आडवी काठी आणि खाली-वर घट्ट ताणलेल्या सुतळ्या एवढे पुरे. जाळी वापरायची असेल, तर तिचा घर हात आत-बाहेर जाईल एवढा, म्हणजे चार-सहा इंचांचा असावा, नाही तर काकडी आणि दोडके जाळीतच अडकून वाढतात.

ताटीची जागा टोमॅटोच्या वाफ्याच्या उत्तर कडेला ठेवावी. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेला उभा असलेला वालाचा दाट वेल नेमका टोमॅटोच्या हंगामात त्यांच्यावर सावली धरतो. टोमॅटो आणि फळवेल दोन्हींना निदान सहा तास थेट ऊन लागते. जिथे तेवढे येत नाही, तिथे मायाळू लावावी, ती अर्धवट सावलीतही पाला देते.

नव्या बागेसाठी मी दोडका आणि काकडी यांना पहिले स्थान देईन. दोन्ही बी टाकल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत फळ देऊ लागतात आणि दसऱ्याच्या सुमारास आटोपतात, म्हणजे ताटी टोमॅटोसाठी वेळेवर मोकळी होते. दोडक्यात राहुरीचा ‘फुले सुचेता’ आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण हरिता’, काकडीत ‘हिमांगी’ आणि जुना ‘पूना खिरा’, कारल्यात ‘हिरकणी’, ‘फुले ग्रीन गोल्ड’ आणि ‘कोकण तारा’, तर दुधीत ‘सम्राट’ हे ओळखीचे सरळ वाण आहेत. कोकणच्या पावसात दापोलीचे वाण आधी पाहावेत. पडवळाला उंची लागते. लांब पडवळ वेटोळे घेऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. दुधीचा वेल जागा फार खातो आणि एका घराला एकच वेल रगड होतो, तेव्हा लहान बागेत तो शेजाऱ्यांना विचारूनच लावावा.

दुधी आणि दोडक्याचे बी ओळखीच्या घरातून आणले असेल, तर एक काळजी आवर्जून घ्यावी. या कुळात कडूपणा आणणारे द्रव्य असते, आणि कडू झाडाशी संकर झालेल्या बियाण्यातून दिसायला अगदी चांगली पण कडू फळे येऊ शकतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. प्रत्येक दुधीची एक चकती जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकून टाकावी. ते फळ तर टाकावेच, पण त्या वेलाचे बीही धरू नये.

वालाचे गणित वेगळे आहे. मांडवावर चढणारे गावठी वाल आणि घेवडे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जून-जुलैमध्ये लावलेला वेल पावसाळाभर पाला वाढवतो आणि ऑक्टोबरनंतर शेंगांनी भरतो. तोच फेब्रुवारीत लावला, तर उन्हाळाभर हिरव्या पडद्याखेरीज काही देत नाही. त्यामुळे वालासाठी ताटीचा एक कोपरा फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवावा आणि तिथे टोमॅटोची योजना करू नये. बिरड्याचा कडवा वाल मात्र मांडवाचा नव्हे. तो भात कापल्यावर रायगडकडच्या खाचरांत उरलेल्या ओलीवर घेतात, आणि हिवाळ्यातल्या पोपटीच्या मडक्यात शेंगा जातात त्या याच हंगामातल्या. वालाचे आणि घेवड्याचे जितके प्रकार सह्याद्रीच्या कडेच्या गावांत आहेत, तितके कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जपण्याचे जे काम केले, ज्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यात वाल आणि घेवड्यांचा मोठा वाटा आहे. गावाकडच्या आत्याबाईंच्या उतरंडीत किंवा डब्यात राखेत ठेवलेले बी मिळाले, तर दुकानाच्या आधी ते लावावे.

तोंडली आणि करटोली हे बारमाही गडी. तोंडली बियांऐवजी भरघोस फळे देणाऱ्या वेलाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीपासून लावतात आणि एकदा लावली की काही वर्षे हलत नाहीत, म्हणून त्यांना स्वतंत्र मांडव द्यावा. करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. कंद आणताना आठ-दहा मादी वेलांमागे एक नर हवा. दोनच वेल लावायचे असतील, तर एक नर आणि एक मादी असल्याची खात्री करून घ्यावी, नाही तर फुले पाहण्यावर समाधान मानावे लागते.

गच्चीवर लावताना

पिशवी किंवा कुंडी उंच टोमॅटोला २० ते २५ लिटरची, तर दोडका-दुधीला ४० लिटरची असावी. निव्वळ माती ओली झाल्यावर लिटरमागे दीड किलोच्या पुढे भरते, म्हणजे एक मोठी पिशवी साठ किलोंच्या वर जाते; म्हणून माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे आणि जड पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळया आणि भिंतींच्या रेषेवर ठेवाव्यात. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात. त्यासाठी कडेला गोकर्ण, झेंडू किंवा तुळस असावी, आणि टोमॅटोच्या फुलांचे घोस सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बोटाने हलकेच टिचकावेत, म्हणजे त्याच फुलातले पराग सुटून फळ धरते.

वेलवर्गीय भाज्यांत पहिले आठ-पंधरा दिवस नुसती नर फुले येतात आणि गळतात. यात काही बिघडलेले नसते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ आधीच असते: दोडक्याच्या मादी फुलाखाली शिरा उठलेला करंगळीएवढा दोडका उघड्या डोळ्यांनी दिसतो, तर नर फुले नुसत्या देठावर घोसाने येतात. फळमाशीसाठी वेलांजवळ क्यू ल्यूर या गंधाने नर माश्यांना ओढणारा कामगंध सापळा टांगावा. टोमॅटोची फळमाशी म्हणून जो सापळा दुकानदार कधी कधी पुढे करतात, तो बहुधा आंब्याच्या माशीचा असतो, तेव्हा नाव वाचून घ्यावे.

वेलानंतर टोमॅटो

ऑगस्टच्या उत्तरार्धात टोमॅटोचे बी ट्रेमध्ये टाकावे आणि रोपे २५ ते ३० दिवसांची झाल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, ताटीखाली आणावीत. कोकणात पाऊस ओसरेपर्यंत थांबून ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे लावणे योग्य. तोवर दोडक्याचा वेल संपत आलेला असतो. तो कापून न टाकता मुळासकट उपटावा आणि मुळे पाण्यात धुऊन पाहावीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर मातीत सूत्रकृमी आहेत, आणि ते टोमॅटोलाही तितकेच बाधतात. अशा ठिकाणी त्या वर्षी टोमॅटो न लावता झेंडू किंवा लसूण घ्यावा. मुळे स्वच्छ असतील, तर वाफ्यात शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळून दीड-दोन फुटांवर रोपे लावावीत. रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरले तरी चालते, कारण मातीखाली गेलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. ज्या जागी आदल्या वर्षी वांगी, मिरची किंवा बटाटा होता, तिथे टोमॅटो लावू नये.

बी धरणे

टोमॅटोच्या फुलाचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते, म्हणून शेजारी-शेजारी दोन वाण असले तरी बी बव्हंशी शुद्ध राहते. मोठ्या फळांच्या काही जुन्या वाणांत मात्र फुलातील परागांच्या नळीतून स्त्रीकेसराचे टोक बाहेर डोकावते; तसे दिसल्यास कळीच्या घोसावर पातळ कापडी पिशवी बांधावी आणि त्यातील फळाला खूण करून ठेवावी. पूर्ण पिकलेल्या फळातला गर वाटीत काढून दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्यावा. वर पांढरट साय धरली आणि बियांभोवतीचा बुळबुळीत पडदा सुटला, की भरपूर पाणी घालून ढवळावे. भरीव बी तळाशी बसते, पोकळ बी तरंगते, ते ओतून टाकावे. बी स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवावे. कागदावर वाळवल्यास ते चिकटते आणि सोडवताना मोडते.

वेलांचे बी धरणे इतके सोपे नाही, कारण त्यांचे पराग मधमाश्या आणि पतंग शेजारच्या बागेतूनही आणतात. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, काकडीचे आणि कारल्याचे सकाळी. उमलण्याच्या काही तास आधी फुगलेली एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवाव्यात, उमलण्याच्या वेळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलावर फिरवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधावे. ते फळ भाजीला न तोडता वेलावरच राहू द्यावे: दोडका आणि घोसाळे आत बी खुळखुळेपर्यंत, काकडी पिवळी-तपकिरी होईपर्यंत.

वाळलेले बी कागदी पुडीत घालून, पुडीवर वाण, गाव आणि वर्ष लिहून, हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवावे. टोमॅटोचे असे बी चार-पाच वर्षे सहज उगवते. जुन्या पुडीची शंका असेल, तर पेरणीच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सातच्या वर उगवल्या तर बी नेहमीप्रमाणे वापरावे, पाचच्या आसपास उगवल्या तर दुप्पट पेरावे, आणि त्याहून कमी उगवल्या तर त्याच वर्षी उरलेले सगळे बी लावून त्यातून जे झाड येईल त्याचे नवे बी धरावे.